डाव्या हाताने, वरच्या कोपऱ्यातून

४ ऑक्टोबर, शनिवार

शाळेत पियानोच्या खोलीत एकच स्टूल होतं. ताई ऐसपैस बसायची. मी निम्मी स्टुलावर, निम्मी देवाच्या भरवशावर! ती नऊ वर्षांची, मी सात. संगीत शिकवणाऱ्या नन सांगायच्या, "डाव्या हाताने, वरच्या कोपऱ्यातून. आणि पट्ट्यांवर सावली पडता कामा नये." ताईने मान हलवली की मी समोरच्या स्वरलिपीचं पान उलटायचं. घरी जाताना ती म्हणायची, "शेपटे, तिसऱ्या पानाला उशीर केलास." मी म्हणायची, "तूच लवकर पोचलीस!"

हे आठवायचं कारण, आज कंपनीकडून खोकं आलं. ताईने आयुष्यभर वाजवलेलं सगळं, एकेचाळीस सीडी. मोठा संच निघणार आहे. पण आधी तिने सगळं ऐकायचं आणि सही द्यायची. अन् ताईला आता दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही. खोकं माझ्याकडे ढकलून ओरडली (तिला वाटतं आपण कुजबुजतोय), "तू ऐक! बरं नसेल ते काढून टाक. आता तूच माझे कान."

इतकी वर्षं नुसता हात होते. सत्तरीच्या तोंडावर बढती मिळाली!

५ ऑक्टोबर, रविवार

सात सीडी झाल्या. ताई अप्रतिम वाजवते, हे जगाला ठाऊक आहे. मी मात्र मलाच शोधत बसले. तिसऱ्या सीडीत माझा खोकला. पाचवीत, अगदी हळुवार जागी, माझ्या पोटातली गुरगुर (त्या दिवशी नाश्ता चुकला होता). सहावीत शिंक. आणि सगळीकडे पानांची सळसळ.

सोबतच्या पुस्तिकेत फोटो आहे. ताई पूर्ण. मी कोपरापर्यंत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आवाज साफ करणाऱ्या माणसाचा फोन. "मावशी, पानांची सळसळ काढून टाकू? पाच मिनिटांचं काम."

"खबरदार! अहो, ती माझी अख्खी कारकीर्द आहे!"

तो चाचरत, "बरं... निदान शिंक?"

शिंकेला परवानगी दिली. अर्ध्या तासाने चैन पडेना, परत फोन केला. शिंकही राहू दे म्हटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

सोळा झाल्या. सतरावी आज नको. कपाट आवरलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजही नको. अठरावीपासून पुढे ऐकत गेले. ताई पक्की आहे. "सतरावी कशी आहे गं?" पाटीवर लिहिलं, ऐकतेय. तिने पाटी दोनदा वाचली.

लिहून टाकावं झालं. सतरावी म्हणजे त्या मोठ्या हॉलमधल्या मैफिलीचं रेकॉर्डिंग. पस्तीस वर्षं झाली. सोनाटा ऐन रंगात आलेला, आणि माझ्या हातून एका पानाऐवजी दोन उलटली गेली. मधला मजकूर गायब! ताईने डोळ्याची पापणीही हलवली नाही. पलीकडे उडी मारली आणि वाजवत राहिली. कुणाला ती चूक कळली नाही. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी लिहिलं, "या धाडसी काटछाटीने रचना उजळून निघाली."

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ही एक सीडी "बरी नाही" म्हणून काढून टाकणं माझ्याच हातात आहे. का काढली, हे ताई विचारणारही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

ऐकली. ती जागा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, जसं काही त्याने ऐकू येणार नव्हतं! सळसळ जाड आहे. एका पानाची नाही, दोन पानांची. जगात फक्त मला कळेल अशी.

उडी मात्र काय देखणी मारलीय बाईने!

१२ ऑक्टोबर, रविवार

छत्तिसावी. तोच सोनाटा, दहा वर्षांपूर्वी स्टुडिओत वाजवलेला. तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता, मी घरी. पानं तिची तिनेच उलटली. रेकॉर्डिंगमध्ये तरी पूर्ण वाजवला असेल म्हणून मी निर्धास्त ऐकत होते — आणि ती जागा आली — ताईने उडी मारली! तीच उडी! तीच दोन पानं गाळलेली!

तीनदा ऐकलं. चहा गार झाला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ताई कानांच्या डॉक्टरकडे गेल्यावर तिचं कपाट उघडलं. (चोरी नव्हे. मी कान आहे, कानाने आत डोकवायचं नाही तर कुणी?) सोनाट्याच्या स्वरलिपीची जुनी वही सापडली. ती दोन पानं एकमेकांना चिकटवलेली आहेत, चारही कडांनी, खळ लावून. खळ पिवळी पडलीय. कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. मैफिलीनंतरच्या नवव्या दिवसाची.

मग मी पुढे वीस-पंचवीस वेळा ही पानं उलटली, ती एकच समजून! वाटायचं, कागद जाड आहे. आणि गाळलेलं ऐकू आलं की वाटायचं, समीक्षकांचं ऐकून मैफिलीपुरतं गाळतेय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पाटीवर लिहून तिच्यासमोर धरलं: पानं कुणी चिकटवली?

चष्मा वरखाली करून वाचलं. "उंदरांनी."

लिहिलं: खळ लावून?

"आपल्या घरचे उंदीर शिकलेले आहेत." मग चष्मा काढून, पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात, "तू आठ दिवस धड जेवली नव्हतीस. म्हटलं, ही आता पानाला हात लावायची नाही. पानं चिकटवून टाकली की चूक उरतच नाही. मी वाजवते तसाच सोनाटा."

मी पाटी पुसत बसले. पाटी कोरी झाली तरी पुसत होते.

"मग? सतरावी ठेवायची ना?"

मी मान डोलावली. ती सही करून मोकळी झाली. वर म्हणते, "कंपनी सहा संच देणार आहे. कुणाला द्यायचे ते तू लिहून ठेव. मला कटकट नको."

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहिला संच भाचीला. ती ऐकणार नाही, पण धूळ पुसेल. दुसरा शाळेला, पियानोच्या खोलीत ठेवायला, आणि सोबत एक नवीन स्टूल. तिसरा पियानो जुळवणाऱ्या काकांना. चौथा कानांच्या डॉक्टरांना, म्हणजे काय गेलं ते त्यांना कळेल. पाचवा त्या समीक्षकांना. अजून आहेत म्हणे. सतरावी वर ठेवायची.

सहावा ताईला, आणि त्यावर ही वही, याच पानाशी उघडून. त्या मैफिलीच्या दिवशी सकाळी हॉलवर कुणीतरी विचारलं होतं, "या कोण?" ताई म्हणाली होती, "ही? ही पानं उलटते." म्हणून संध्याकाळी दोन उलटली. मोजून. डाव्या हाताने, वरच्या कोपऱ्यातून.

वही माझ्यामागे नाही द्यायची. आज द्यायची, चहाच्या आधी. तिचा चष्मा पुसून.