खोगिराचा पट्टा

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. कोपर सोललंय, तेव्हा एक अंग कमी धरा. बाकी मी धडधाकट आहे, आईला सांगा. तुमची कंबर कशी आहे?

खोगिराचा पट्टा झिजलाय, हे मालकाला तीनदा सांगितलं होतं. आज घोडी उधळली आणि खोगीर घसरायला लागलं. तुम्ही शिकवलंत तसे दोन्ही पाय रिकिबीतून काढले, मानेवर वाकलो, पाय फिरवला आणि गुडघे सैल ठेवून उडी टाकली.

मालक धावत आला तो घोडीचे पाय चाचपायला! वर मलाच म्हणाला, "घोडी सोडलीसच कशी?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "उद्या शिकायला पोरं येणार आहेत. आधी तुम्ही या पट्ट्यावर बसून दाखवा."

बसला नाही. कपाटातून नवा पट्टा काढून दिला. म्हणजे होता, बाबा! कपाटातच होता!

तुमचा संतापलेला,
धाकटा