काट मारलेलं नाव

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की तुझे भावजी नऊ तारखेला तुझ्या रानातल्या चौकीवर येऊन थडकत आहेत. छापखान्याने पाच दिवसांची रजा दिली आहे आणि घरात आनंद असा की नवरदेवानेही एवढा करू नये. बुटांना तेल लावून ते दारात ठेवलेत, येता-जाता उचलून बघतात. यंदा दोन्ही धबधबे, मग ते ऊन न शिरणारं रान आणि थेट माथा, असा बेत आहे. पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण रानाचं नाव काढलं की गुडघेही गप्प बसतात. निवृत्त झाल्यावर तुझ्या चौकीशेजारी खोली बांधून राहणार म्हणे. मी म्हटलं, खुशाल राहा, माझी शिवणाची गिऱ्हाइकं सोडून मी काही यायची नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. गेल्या वर्षीची शोभा पुन्हा नको. रानात जाताना तुझ्या नोंदवहीत नाव लिहायचं आणि परतल्यावर आपल्या हाताने त्यावर काट मारायची, एवढा साधा नियम. पण दिवसभर लोकांच्या चुकांवर काट मारणारा हा मुद्रितशोधक स्वतःच्या नावावर मारायला विसरला. चौकीच्या अलीकडच्या आडवाटेने उतरून, पाचची बस पकडून घरी येऊन घोरत पडला, आणि तू बिचारा दहा माणसं घेऊन दीड दिवस रान पालथं घातलंस. साहेबांची बोलणी खाल्लीस ती वेगळीच. मला तर शेजारपाजारच्यांत तोंड दाखवायची चोरी झाली होती. यंदा विसरले तर तूच मार काट आणि मोकळा हो.

मनीची परीक्षा जवळ आली आहे, ती अभ्यास सोडून सगळं करते. तुझं पोट सांभाळ. माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

१२ ऑक्टोबर

ती. ताईस धाकट्याचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझा माल सुखरूप पोचला आणि सुखरूप परतही निघाला. दोन दिवस चौकीला घरपण आलं होतं. आल्या आल्या त्यांनी माझ्या सूचनाफलकावरच्या चार चुका काढल्या. मी दोन वर्षांपूर्वी रंगवलेला फलक, आजवर हजार माणसांनी वाचला, कुणाचं काही अडलं नव्हतं. आता तो उतरवून पुन्हा रंगवणं आलं.

काल उजाडताच निघाले. माथ्यावर जाऊन तसंच खाली उतरून पाचची बस धरणार होते. या वेळी चौकीवर येऊन काट मारूनच जाईन, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी हसलो. सहा वाजेपर्यंत वाट पाहिली. खालून बसचा हॉर्न ऐकू आला होता, तेव्हाच ओळखलं की स्वारी आडवाटेने पसार झाली. मग तुझ्या हुकमाप्रमाणे मीच पट्टी धरून सरळ काट मारली. एवढी सुबक काट त्यांनी जन्मात मारली नसेल.

पुढच्या वेळी तूही ये. पहिल्या धबधब्यापर्यंतची वाट सोपी आहे, आपल्या गल्लीत याहून जास्त खड्डे आहेत. सामानाची जीप परवा येईल तेव्हा हे पत्र निघेल, तोवर त्यांच्या तोंडून सगळं ऐकून तुझे कान किटले असतील. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
धाकटा

१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. आ.

काय रे, माझा नवरा तिथेच नोकरीला ठेवून घेतलास का? रजा काल संपली. आज छापखान्यातून माणूस येऊन गेला, टेबलावर कागदांचा ढीग पडलाय म्हणाला. मी सांगितलं, मेहुणे-मेहुणे गप्पांत रमले असतील, उद्या येतील. तीन वर्षांपूर्वी पाऊस लागला म्हणून असेच दोन दिवस जास्त राहिले होते, त्यामुळे मी काही जिवाला घोर लावून घेतलेला नाही. तिथे फोन नाही हे मलाही कळतं. पण खाली गावात जाऊन एक फोन करायला तुम्हा दोघांपैकी कुणाला सुचू नये?

मनी सकाळपासून तीनदा दारात जाऊन आली. मी तिला ओरडले, आणि मग मीही एकदा जाऊन आले. पत्र मिळताच त्यांना जीपमध्ये बसवून दे. माझ्यावर माया असेल तर एवढं कर.

तुझी,
ताई

१८ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझं पत्र आत्ता दुपारी जीपबरोबर आलं. मी बारा तारखेला लिहिलेलं पत्र तुला आज मिळालं असेल. म्हणजे आपल्याला दोघांनाही आजच कळतंय.

ते अकरा तारखेलाच निघाले होते. जीपवाल्याला तसाच गावात पिटाळला आहे, तो छापखान्यात फोन करून तुला निरोप देईल. बसच्या कंडक्टरलाही विचारायला सांगितलं आहे. माझ्याबरोबर सहा जण आहेत, साहेब आणखी माणसं पाठवत आहेत. आम्ही आता निघतो. धीर सोडू नकोस असं लिहिणार होतो, पण सात दिवस झालेत आणि मला रान माहीत आहे. तुला खोटा धीर देत नाही.

नोंदवही समोर उघडी आहे. त्या दिवशी वर गेलेले पाच जण. पाचही नावांवर काट. चार जणांनी आपापली मारली आहे.

धाकटा

९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझ्या घरी आठवडाभर होतो, पण तुझ्यासमोर बसून बोलणं एकदाही जमलं नाही. तू माणसांत होतीस, आणि एकटी असलीस की मीच उठून बाहेर जात होतो. म्हणून लिहितो.

दुसऱ्या धबधब्याच्या वर एक ओली कातळपट्टी आहे, तिथून पाय सरकला असणार. खाली जिथे सापडले तिथे वरून कुणाची नजर पोचत नाही, आणि पाण्याच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणीच गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. तेवढं तरी मनाला लावून घेऊ नकोस.

इथली चौकशी संपली. तिघे जण खुर्च्या टाकून बसले, नोंदवही पाहिली आणि म्हणाले की नोंदीप्रमाणे माणूस परत आला होता, चौकीचा दोष नाही. काट माझ्या हातची आहे, असं मी सांगितलं. त्यावर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की गेलेला माणूस परत येत नाही, तू आपली भाकरी घालवू नकोस. कागदावर माझं म्हणणं कुणी घेतलंच नाही. ज्या काटेने त्यांचा घात केला, तिनेच माझी नोकरी वाचवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तू सांगशील तर वरच्या कचेरीत लेखी कळवतो आणि नोकरी सोडतो. तू काहीच सांगितलं नाहीस तरी मला चालेल, फक्त दोन ओळी लिही.

परवा एक जोडपं रानात गेलं. संध्याकाळी त्यांनी काट मारली तरी मी बसथांब्यापर्यंत जाऊन त्यांना बसमध्ये चढताना पाहून आलो. आता रोज तेच करतो.

लोभ मागायचं तोंड राहिलं नाही.

धाकटा

२० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

तुझं पत्र मिळून सहा दिवस झाले. रोज लिहायला बसत होते. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत, मनी पेपरला बसली नाही. छापखान्यातल्या टेबलावर नवा माणूस आला.

नोकरी सोडू नकोस. सोडून काय होणार आहे? काट तू मारलीस, पण मार असं मी लिहिलं होतं. बसथांब्यावर मोजायला जाणारी माणसं आपल्याकडे आधीपासून असती तर बरं झालं असतं, एवढंच. लोक मला विचारतात, भावाचा राग येत नाही का. येत नाही रे. आला असता तर एखाद वर्षाने निवला असता, आणि मग तू पुन्हा घरी जेवायला बसला असतास. तसं आता काही होईल असं मला दिसत नाही. तुला पाहिलं की मला ते दिसतील आणि मला पाहिलं की तुला. इतक्यात येऊ नकोस.

तू डॉक्टरांचं नाव पुढे करून खोटं लिहिलंस. माझ्यासाठी लिहिलंस हे कळतं. पण पोलिसांनी त्यांची पिशवी मला आणून दिली. पायाला फाडलेला सदरा बांधलेला होता, हे तू पाहिलं असशील. पिशवीच्या आतल्या कप्प्यात त्यांची खिशातली डायरी होती, ती कुणीच पाहिलेली दिसत नाही. ओल लागून पानं चिकटली होती. मी ती उन्हात ठेवून एकेक सोडवली.

पाच दिवसांची पानं आहेत रे. त्यांचं ते प्रुफावरचं बारीक, नीट अक्षर. पहिल्या दोन दिवसांत पायाचं, पाण्याचं, मनीच्या परीक्षेचं लिहिलं आहे. तिसऱ्या दिवशी मला काय काय सांगायचं ते आहे, ते तुला कळवत नाही, ते माझं आहे. पाचव्या दिवशी अक्षर ओळीवर राहिलेलं नाही.

चौथ्या दिवसाचं पान तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण मला हे एकटीला पेलत नाही, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू? तिथे एवढंच लिहिलं आहे: नोंदवहीत नाव आहे, काट नाही. म्हणजे धाकटा निघालाच असेल.

ताई