चौथ्या नंबरची दुरुस्ती

२९ सप्टेंबर
श्री सिद्धेश्वर प्रसन्न. आज नवी पेठेत टॉवेलवाल्या बापूसाहेबांच्या ऑफिसात कामाला लागले. दहावीनंतर घरचे हिशेब सोडून काही लिहिलं नव्हतं, पण अक्षर बघून त्यांनी ठेवून घेतलं. आमचे हे त्यांच्याच कारखान्यात जॉबर आहेत, मागांची दुरुस्ती बघतात. रिक्षा न करता चालत गेले. पावशेर पेढे नेले, अर्धा अर्धा करून सगळ्यांना पुरले.
काम सोपं आहे. टेबलाखाली एक लोखंडी खोकं आहे, त्यात कारखान्याच्या वीस वर्षांच्या सगळ्या नोंदी. त्याला डेटा वेअरहाऊस म्हणतात. त्या आता क्लाऊडवर, म्हणजे लांब कुठंतरी असलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांत हलवायच्या. ऑफिसातलं कॉम्प्युटरचं बघणारे मृत्युंजय सर हलवणार. मी छापील यादीशी ताडून बरोबर म्हणायचं, मग ते खोक्यातली नोंद पुसणार. नाव चुकलं असेल तर दुरुस्त कसं करायचं तेही शिकवलं. माणूस गुणी आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज प्रत्येक यंत्रापुढं कोहळा फोडतात. यंत्रानं माणसाचं रक्त मागू नये म्हणून. बापूसाहेबांनी खोक्यासाठीही एक पाठवला. मी हळदीकुंकू लावलं तर सर हसायला लागले. "खोकं चाललं भंगारात. आणि काकू, क्लाऊडपुढं कुठं फोडणार कोहळा?" मलाही पटलं. एवढा भरलेला कोहळा वाया कशाला घालवा? घरी नेला, सांडगे घातले.

३ ऑक्टोबर
कामगारांची नावं सुरू झाली. पहिला ज्ञानबा. मी बरोबर म्हटलं, सरांनी पुसलं. तासाभरात कारखान्यातून फोन. पट्ट्यात बाही अडकून ज्ञानबाचा हात खांद्यापासून उपटून निघाला. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. देवापुढं दिवा लावला.

४ ऑक्टोबर
दुसरी केसरबाई, तिसरा जोतिराम. दोघांना बरोबर म्हटलं.
केसरबाई टॉवेलांचे गठ्ठे दाबायच्या यंत्रात सापडली. डोकं उरलं नाही. जोतिराम सोडवायला धावला, तर मागावर धावणारा टोकदार धोटा सुटून त्याच्या डोळ्यातून आत घुसला. ह्यांनीच दोघांना ओढून काढलं. ह्यांचा सदरा चारदा धुतला, पाणी लालच.
पुसलं त्याच क्रमानं गेले.
चौथा नंबर ह्यांचा आहे.

५ ऑक्टोबर
माझ्या हावरेपणानं झालं. सांडगे फेकले. नवा कोहळा खोक्यापुढं फोडला. आतून रक्त आलं, हातभर पसरलं.
बापूसाहेबांच्या पाया पडले. म्हणाले, कारखाना बंद आहे तोवर काम उरकून घ्या. ह्यांना म्हटलं, उंबरा ओलांडायचा नाही. हे म्हणाले, "न्हाय जात कुटं. रडू नको की आता."

६ ऑक्टोबर, सकाळी
सरांना म्हटलं, थांबवा. म्हणाले, आता आपोआप हलतंय, चौथा बारा वाजता. नाव गाळता येत नाही, दोन्हीकडचा आकडा जुळला पाहिजे. आणि चहाला गेले.
मी दुरुस्ती केली. ह्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, आज बोटानं पुसलं. त्या जागी लिहिलं, मृत्युंजय.
देवा, पाप माझं. ह्यांना ठेव.

बारा वाजून पाच
सर आले, खुर्चीत बसले, स्क्रीन बघितली. रागावले नाहीत. म्हणाले, "काकू, दुरुस्ती केली तरी जुनं नाव जात नाही. क्लाऊडवर दोन्ही हलतात."
तेवढ्यात वरचा पंखा— फिरताफिरता सुटला— सरांची मान अर्धी— यादीवर, वहीवर, माझ्या तोंडावर—
दोन्ही म्हणाले. दोन्ही—

बारा दहा
घरी फोन लावला. उचललाय. हे बोलत नाहीत. पलीकडून मागाचा आवाज येतोय, खडाखड, खडाखड, जवळ जवळ— आमच्या घरात माग नाही— कधीच नव्ह