गलाईवाल्याचं पुस्तक

प्रिय गुंडा,

मोबाईल हातात असताना दादाला हे पत्राचं काय सुचलं, म्हणून हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच. मी लिहिलेलं पुस्तक तर तू वाचलंच नाहीस. 'दुकानाची बदनामी घरात नको' असा निरोप देऊन गाडीवाल्याबरोबर परत धाडलंस, ते मिळालं. राग नाही. गावातले निम्मे गलाईवाले माझ्याशी बोलत नाहीत, त्यात तू एक. परमुलखात सोनं-चांदी गाळून ज्यांनी इथं बंगले बांधले, त्यांना भट्टीचा धूर छापलेला कसा आवडेल?

मागल्या रविवारी औंधला ग्रामीण साहित्य संमेलनाला गेलो होतो. मला आपलं वाटायचं, पुस्तकं लिहिणारे म्हणजे इस्त्रीतले प्राध्यापक. मंचावर बघतो तर एकेक वल्ली! शेजारी रणगाड्यावर आयुष्य काढलेले निवृत्त सुभेदार. पलीकडे तासगावच्या राजेश्वरीताई, नर्स, बाळंतपणं करता करता कथा लिहिणाऱ्या. टोकाला माणदेशातल्या तानुबाई. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला, अक्षराची ओळख नाही. त्या सांगत गेल्या आणि नातीनं लिहून घेतलं.

निवेदकानं सगळ्यांना एकच विचारलं, तुमच्या कामानं तुमच्या लिहिण्याला काय दिलं? सुभेदार म्हणाले, शिस्त. राजेश्वरीताई म्हणाल्या, बायकांच्या पोटातलं ऐकायला मिळालं. तानुबाई म्हणाल्या, चालताना आठवायला लय वेळ. मग मी उभा राहिलो. 'मी सेलमला गलाईच्या दुकानात...' एवढंच तोंडातून निघालं आणि ढास लागली. थांबेचना. तानुबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, हात धरून मला खाली बसवलं. म्हणाल्या, 'बसा दादा. नगा बोलू. पुस्तकात सांगितलंय की समदं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांची लाज वाटली रं.

तुझ्या वहिनीनं तुला सांगितलं असेल, दादाला न्युमोनिया होऊन गेला. खोटं आहे ते. विश्रामबागच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. भट्टीवरच्या तेजाबाच्या, त्यांच्या भाषेत ॲसिडच्या, वाफेनं फुप्फुसं करपलीत. गेलं ते परत येत नाही म्हणाले, औषध फक्त पुढचं लांबवायला. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवलाय. आई त्याच्याकडं बघतसुद्धा नाही, पदर तोंडाला लावून परड्यात जाऊन बसते.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. सेलमच्या दुकानाचं बोललास, तुझ्या राणीच्या लग्नाचं बोललास आणि जाता जाता म्हणालास, पुढच्या गाडीतनं गुळाच्या चार ढेपा जास्त लावून दे. आईनं लगेच बांधायला घेतल्या. तिला बिचारीला काय ठाऊक? पण मला ठाऊक आहे. भट्टीवर नवा होतो तेव्हा तिथल्या जुन्या कारागीर बाळासोमामांनी मलाही हेच शिकवलं होतं, छातीत धूर बसला की गूळ खायचा, धूर पोटात उतरतो. मी वर्षानुवर्षं गूळच खात राहिलो, डॉक्टरची पायरी चढलो नाही. बोलताना तू मध्येच दोनदा फोन लांब धरलास. माणूस फोन लांब का धरतो, हे मला कुणी सांगायला नको.

गड्या, ते पुस्तक मी मानपानासाठी लिहिलं नाही, आणि धंद्याला बट्टा लावायलाही नाही. तुझ्यासाठी लिहिलं. आपल्या गावचा दुसरा कुणी वाचो न वाचो, तू वाचशील आणि वेळेत भट्टीवरनं उठशील, एवढीच आशा होती. तू वाचलं नाहीस. आणि फोनवर सांगावं, तर मला एका दमात दोन वाक्यं बोलवत नाहीत. म्हणून हे पत्र. भट्टी विझव आणि ये. लग्नाचं, बंगल्याच्या वरच्या मजल्याचं मागनं बघू. येत्या सोमवारी विश्रामबागला माझी तपासणी आहे, माझ्या आधी तुझी छाती दाखवू. माझ्याशी भांडायला म्हणून आलास तरी चालेल, पण ये.

तुझाच थोरला,
अर्जुनादादा