वाट पाहणारा गट

१ डिसेंबर, रविवार
आजपासून रोज डायरी. थोर संशोधकांचं चरित्र मागाहून कुणीतरी लिहितं आणि चुकीचं लिहितं. त्यापेक्षा आपणच लिहिलेलं बरं.

साखरा गावात परवापासून माझा प्रयोग. उदास, झोप उडालेल्या माणसांवर श्रवणोपचार. गोळी नाही, डॉक्टरनं फक्त ऐकायचं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेत. एकाला दर मंगळवारी उपचार. दुसरा गट नुसती वाट पाहणार, त्यांचा नंबर फेब्रुवारीत. दुसरा गट होता तसाच उदास राहिला की माझा उपचार सिद्ध! मग पुण्याची परिषद, प्राध्यापकपद आणि हिंगोलीला रामराम.

बायकोला नांदेडला फोन केला. प्रियदर्शनी म्हणाली, तुम्ही आणि ऐकणार? विनोदी आहे. बँकेत काम फार, म्हणून दिवाळीपासून इकडे आलेली नाही.

माझी झोप उत्तम. मधे चार-पाचदा जाग येते, एवढंच.

३ डिसेंबर, मंगळवार
समाजमंदिरात पहिलं सत्र. दणदणीत. ऐकणं म्हणजे काय, हे पाऊण तास समजावून सांगितलं. उपचार गटातल्या चांगुणाबाईंना मधेच काहीतरी बोलायचं होतं. पुढच्या वेळी, म्हटलं.

एक घोळ. वाट पाहणारा गटही बाहेर ओट्यावर हजर! का आलात विचारलं, तर त्यांचा म्होरक्या मुंजाजी म्हणाला, साहेब, तुमीच म्हणले ना वाट पाहा. रेशनच्या दुकानावर घरी बसून वाट पाहिली तर नंबर जातो. ओट्यापाशी चपला ओळीनं लावलेल्या, नंबराप्रमाणे.

बसू दे. नुसतं बसून कुणाचा आजार बरा होतो?

१० डिसेंबर
स्लाइड दाखवणार होतो, लाइट गेली. तोंडी सांगितलं. जास्तच वेळ लागला. बाहेर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत हसणं चाललेलं. माझ्या श्रवणात व्यत्यय.

१७ डिसेंबर
गेलो नाही. सर्दी. शिवाय परिषदेचा कोट कळमनुरीला शिवायला टाकायचा होता. वाट पाहणारे मात्र आले होते म्हणे. शिस्त वाखाणण्यासारखी.

३१ डिसेंबर
संकल्प: नव्या वर्षात कमी बोलायचं.

आज आत निम्मेच. बाकीचे ओट्यावर. चांगुणाबाईंची चप्पलसुद्धा ओळीत! विचारलं तर म्हणाल्या, आत तुमी बोलता, आमी ऐकतो. भाईर आमाला बोलाया मिळतं. मालक गेल्याचं म्या हितंच पयल्यांदा बोलले.

उपचार गटातून गळती, अशी नोंद केली. कमी बोलण्याचा संकल्प उद्यापासून. आज त्यांना नियम समजावण्यात वेळ गेला.

२१ जानेवारी
परिषदेनं निबंध स्वीकारला!! उपचार गटात लक्षणीय सुधारणा, असं आधीच लिहून पाठवलं होतं. आता फक्त सुधारणा व्हायची राहिली. कोट झकास बसतो. खांद्यात जरा घट्ट.

४ फेब्रुवारी
मोजणी झाली. आमच्या सिस्टर प्रतिक्षानं प्रश्न विचारले.

वाट पाहणारा गट: झोप आली, भूक आली, मुंजाजी तर घोरतो अशी तक्रार आहे. उपचार गट: ओट्यावर गेलेले बरे, पण ते गळतीत. शेवटपर्यंत आत टिकलेला एकटा भावसिंग, तो आणखी उदास. तो प्रतिक्षाला म्हणाला, डॉक्टरला वाईट वाटंल म्हणून बसून राहिलो.

चिठ्ठ्या नीट हलवल्या नसणार.

तरी ओट्यावर जाऊन जाहीर केलं, अभिनंदन, आता तुमच्या उपचाराचा नंबर लागला. कुणी हलेना. मुंजाजीनं हात जोडले. म्हणाला, साहेब, तकलीफ नको, आमी अजून थोडी वाट पाहतो.

११ फेब्रुवारी
निबंध मागे घेतला. खोटं वाचायची हिंमत नाही. खरं वाचलं तर हसतील.

तरी मंगळवार म्हणून साखऱ्याला गेलो. आत कुणी नव्हतं. खुर्चीत बसून पाहिलं. मग बाहेर आलो. मुंजाजीनं गप्पा न थांबवता हनुवटीनं चपलांची ओळ दाखवली. बूट काढून शेवटी ठेवले. चांगुणाबाईंनी पुढ्यात शेंगा टाकल्या आणि विचारलं, डॉक्टर, झोप येती का तुमाला?

झोपेचे प्रकार सांगायला तोंड उघडलं. न्हाई, एवढंच आलं बाहेर. मग प्रियदर्शनीला कामबिम काही नाही, ती माझ्या बडबडीला कंटाळून गेली, हेही आलं. फार एकटं वाटतं, तेही. बराच वेळ बोललो. मधे कुणी बोललं नाही.

पुढच्या मंगळवारी लवकर निघायला हवं. नंबर फार मागे लागला.