आठ टक्के ओल

रविवार, ५ मार्च, दुपार

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे असं दादा म्हणाला, पण दादाला सगळंच बरं वाटतं, म्हणून तुम्हाला विचारते. दादाच्या छोटीचा दात पडला वाटतं? फोटोत तोंड घट्ट मिटून बसलीये.

मी ठीक. गोदामावर नवे पत्रे बसले, आत पूर्वीसारखं भाजून निघत नाही. तुम्ही दहा वर्षं मागत होतात ते लाकडी पाटही आले एकदाचे. पोती आता जमिनीला टेकत नाहीत. मुकादम रोज तुमचं नाव काढतात. परवा कुणीतरी दार उघडं टाकलं, तर त्याला म्हणाले, "म्हातारा असता तर तुझी काही धडगत नव्हती."

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय, आणि पान भरत आलं तरी तिच्याजवळ जात नाहीये.

तीन वर्षांपूर्वीच्या सूर्यफुलाबद्दल लिहायचंय.

मला तपासनीस म्हणून तुमच्याच गोदामात लागून महिना झाला होता. पेरणीसाठी राखायचं बी आलं होतं. तुम्ही कोपरापर्यंत हात ढिगात खुपसलात, मूठभर बी काढून हुंगलंत आणि म्हणालात, "ओलं आहे अजून. आठ दिवस पसरून ठेवू, मग कोठीत भरू."

मी यंत्र लावलं. आठ टक्के ओल. म्हणजे खुशाल भरावं.

"पुन्हा बघ," तुम्ही म्हणालात. "गव्हाला थोडंफार खपतं. तेलाच्या बियाला नाही खपत. आतल्या आत तापतं ते, आणि आपल्याला कळेपर्यंत खवट होऊन बसतं."

पुन्हा लावलं. पुन्हा आठ. मग सगळे हमाल ऐकत असताना मी म्हणाले, "बाबा, नाकावर आकडे छापलेले नसतात." सगळे हसले. तुम्हीही हसलात. नाक चोळत म्हणालात, "असेल बाई. वय झालं." आणि बी कोठीत गेलं.

सात आठवड्यांनी कोठी उघडली तेव्हा आतून वाफ आली. बियांचे गोळे झाले होते, वर पांढरी बुरशी. वास शिळ्या तेलाच्या कढईसारखा. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवल्या, त्यातल्या एकतीस उगवल्या. पेरणी तोंडावर आलेली आणि लोकांना द्यायला बी नाही. तुम्ही गावोगाव फोन करत होतात, ते मला अजून दिसतं.

संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी मला विचारलं, भरताना ओल किती होती? मी नोंदवही पुढे केली. आठ. "मग ओल आली कुठून?" मी म्हणाले, "नंतर आली असेल."

एवढंच बोलले. पण कोठ्यांची राखण तुमच्याकडे होती, त्या तीन शब्दांत सगळं आलं. तुम्ही उभे राहिलात. "धुक्याच्या दिवसांत झरोके मी उघडे ठेवले होते, वारा लागावा म्हणून. चूक माझी आहे." महिन्याभरात तुम्ही काम सोडलंत आणि आईला घेऊन दादाकडे गेलात.

ओल नंतर आली नव्हती, बाबा. यंत्रावरची धान्य निवडायची कळ मक्यावरच राहिली होती. आदल्या दिवशी मी मका तपासला होता, आणि कळ सूर्यफुलावर आणायची विसरले.

इथवर लिहून मी उठले होते. भांडी घासली, ओटा पुसला, पत्र पाकिटात घालावं का असा विचारही केला. इथे थांबलं तर ती नुसती चूक ठरते, आणि माझी चूक तुम्ही केव्हाच पोटात घातली असती.

मला त्याच दिवशी कळलं होतं. दुपारी मक्याची गाडी आली. कळ फिरवायला गेले, तर ती आधीच मक्यावर. सकाळचा नमुना डबीत होता, तो नीट तपासला. साडेअकरा. कोठी बंद करून तीन तासही झाले नव्हते. सगळ्यांनी मिळून अंधार पडायच्या आत ते बी पसरून टाकलं असतं. तुम्ही बाहेर मुकादमांशी बोलत उभे होतात. मी दारापर्यंत आले. आणि सकाळचं ते हसणं आठवलं. आता चारचौघांत जाऊन म्हणायचं की नाकच बरोबर होतं? साडेतीन टक्क्यांनी असं काय होतंय, अशी मनाची समजूत घातली आणि नमुना फेकून दिला.

पुढे समजूत घालायची सवयच लागली. बाबांना नातीत रमायला मिळालं, सुटले एकदाचे, असं मी लोकांनाही सांगायचे. मग गेल्या महिन्यात आई फोनवर सहज बोलून गेली, "हे हल्ली दूधसुद्धा माझ्याकडे देतात, नासलंय का बघ म्हणून. म्हणतात, माझ्या नाकाचं काही खरं नाही."

त्यानंतर मला जेवण जाईना.

शुक्रवारच्या बैठकीत सगळं सांगितलं. अध्यक्षांनी ती जुनी नोंदवही मागवली. मग ते पान काढून त्यावर खरं काय ते माझ्याच हातानं लिहायला लावलं. तुमच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा खोडला. मला तपासणीवरून काढून वजनकाट्यावर बसवलंय, तेही बरोबरच आहे. मुकादम माझ्याशी बोलत नाहीत. फक्त त्या दिवशी जिना उतरताना म्हणाले, "जाताना बाबांनी मला काय सांगितलं होतं माहितीये? पोरगी नवीन आहे, सांभाळून घ्या."

बाबा, तुमचं नाक त्या दिवशी बरोबर होतं. झरोक्यांनी काही झालं नव्हतं. हे मी तुम्हाला तीन वर्षांपूर्वी, दारातून चार पावलं पुढे येऊन सांगायला हवं होतं.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार. रागावून लिहा, दोनच ओळी लिहा, पण तुमच्या हातानं लिहा. आईला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

म्हणवून घ्यायचा धीर होत नाही, तरीही

तुमची मुलगी