ओक-बुनच्या हाती बाण देऊ नये

मी, यांग पिल-ग्यू, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा रंग व लोखंडी सामानाचे दुकान, राहणार हादोंग, नदीकाठची खालची आळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. शरीराबद्दल त्याच डॉक्टरांचे दुसरे पत्र आहे, ते जोडलेले नाही; पोटातली गाठ आता काढण्याजोगी राहिली नाही आणि हा हिवाळा मला पार करता येणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहतही नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी जवळजवळ सर्व काही पत्नी हाम ओक-बुन हिच्या नावे केले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर, मागच्या परसासह, मुलगा यांग जे-हुन यास देतो. तो सोलला नोकरीला असतो आणि सणाला येतो. घर विकायचे असल्यास त्याने खुशाल विकावे. तो विकणारच आहे, निदान माझी परवानगी घेऊन विकले असे होईल. परसातले रांजण शेजारच्या प्यो जोंग-रान बाईंना द्यावेत. त्यांचे औषधाचे दुकान कोपऱ्यावर आहे, आणि ओक-बुन रस्ता चुकली की हाताला धरून तिला घरी आणण्याचे काम आजवर त्यांनीच केले. रांजण रिकामे आहेत. आमच्या घरी सोयाबीन मुरवायला घालणे केव्हाच बंद झाले.

२. बँकेतली ठेव आणि दुकानाच्या गाळ्याचे भाडे ओक-बुनच्या खर्चासाठी ठेवतो. तो खर्च जे-हुनने पाहावा. मी कायद्याचे कागद करून देणाऱ्या लेखनिकाला विचारले होते की, गाळा आमच्या धनुर्विद्येच्या मंडपाला देऊन त्या बदल्यात बायकोला सांभाळण्याची अट घालता येईल का. तो पोरगेला माणूस चष्मा काढून म्हणाला, "आजोबा, घर देता येतं, गाळा देता येतो. माणूस कसं देणार?" त्याचे बरोबरच होते. पण देण्याजोगी माझ्याकडे तीच एक गोष्ट आहे आणि तीच कोणी घेत नाही. पुढची कलमे कायद्यात बसणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी ती वाचावीत.

३. माझे शिंगाचे धनुष्य आणि ते ठेवायची उबेची पेटी सोंगहाक मंडपाला द्यावी. दमट हवेत त्याचा माशाचा सरस सुटतो, म्हणून पेटीतला दिवा विझू देऊ नये. जे-हुनने ते दिवाणखान्यात भिंतीवर टांगायला नेऊ नये. तिथे ते एका पावसाळ्यात उसवेल.

या मंडपात मी तिशीत शिकलो. ओक-बुन चाळिशीत शिकली, तेही माझ्यावर चिडून. मी सुट्टीच्या दिवशी जेवायला घरी येत नसे, म्हणून ती नदीतल्या शिंपल्यांचे सार डब्यात घेऊन टेकडी चढून यायची. एकदा डबा आपटून म्हणाली, "जे-हुनचे बाबा, त्या लांबच्या निशाणाच्या फळीत एवढं काय ठेवलंय, ते मलाही बघू दे." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ती पांढरे कपडे घालून हजर झाली. नवशिक्याला सुरुवातीचे काही महिने आम्ही बाण देत नाही, नुसते रिकामे धनुष्य ओढायला लावतो. बरेच जण त्यातच कंटाळून जातात. ती गेली नाही. संध्याकाळी साराच्या, चुकलो, भाताच्या हंड्याचे झाकण उचलायला तिला दोन्ही हात लागायचे, पण सकाळी पुन्हा तयार.

(वरच्या ओळीतली चूक खोडत नाही. खाडाखोड केली तर कागद बाद होईल असे लेखनिकाने सांगितले आहे.)

४. तिचे बाण. हे कलम जे-हुनने दोनदा वाचावे.

आमच्याकडे ज्याने त्याने आपले बाण आपणच रंगवायचे असतात. पिसांच्या खाली आपल्या रंगांचे पट्टे आणि दांडीवर ब्रशाने आपले नाव. निशाणापाशी सगळ्यांचे बाण एकत्र पडतात, त्यातून आपले उचलता यावेत म्हणून. माझ्या बाणांना मी दुकानातले उरलेले काळे रोगण फासले होते. ओक-बुन म्हणायची, "हे बाण नाहीत, मयताला जायचे कपडे आहेत." तिने मात्र केशरी पट्टा, त्याखाली गडद निळा आणि मध्ये केसाएवढी पांढरी रेघ अशी नक्षी ठरवली. ती पांढरी रेघ ओढताना ती श्वास रोखायची. दरवर्षी रंग उडाला की नव्याने, त्याच जागी, तशीच रेघ. माझ्या दुकानात रंगाचे डबे विकून माझे आयुष्य गेले, पण रंग लावणे म्हणजे काय ते मी तिच्याकडे पाहून शिकलो.

गेल्या वर्षी तिने माझेही बाण तसेच रंगवले. मी अडवले नाही. आता निशाणापाशी गेले की आम्हा दोघांचे बाण सारखे दिसतात आणि मी सगळेच उचलून आणतो.

५. मेंग चुन-हो याच्याविषयी. रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी त्याला मिठाचे एक पोते लिहून ठेवले होते. त्याचे कारण असे.

मेंग पूर्वी मंडपाचा प्रमुख होता. बाईने दिवसाचा पहिला बाण मारू नये, मारला तर दिवसभर कोणाचा बाण लागत नाही, असे त्या वेळी मानत. ओक-बुन एकदा पहाटेच गेली, मंडपात कोणी नव्हते, तिने मारला. मेंग पायऱ्या चढून आला, आत जाऊन मीठ घेऊन आला आणि अपशकुन घालवायला ती उभी होती त्या जागेवर मुठीने शिंपडले. ती तिथेच उभी असताना. तिच्या पायांवर मीठ पडले. ती घरी आली आणि पाय धुवत बसली, पुष्कळ वेळ. मी तेव्हापासून मेंगशी बोललो नाही. बाण मारताना बोलायचे नाही असा आमच्याकडे नियमच आहे, त्यामुळे अबोला पाळणे सोपे गेले. पुढे जमाना बदलला, बायका पहिला बाण मारू लागल्या, मेंगही म्हातारा झाला. मी काही विसरलो नाही. विसरली ती ओक-बुन.

६. ती कधी विसरू लागली हे मला सांगता येत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. आमचा एक रिवाज आहे. दिवसाचा पहिला बाण मारण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचे, "धनुष्य शिकतो आहे." बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, "खूप लागोत." काल आलेला असो की चाळीस वर्षे मारणारा, सगळे हेच म्हणतात. ओक-बुनही म्हणायची, "धनुष्य शिकते आहे," आणि आम्ही म्हणायचो, "खूप लागोत." ती हे खरेच सांगते आहे, आज आपला पहिलाच दिवस आहे असे तिला वाटते आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात येणार? हात आपोआप चालत होते. बाण लागतही होते.

मग एका सकाळी ते म्हणून झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, हे कुठल्या हातात धरायचं?" सगळे हसले. तिचा थट्टेखोर स्वभाव सर्वांना माहीत होता. मीही हसलो. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याच दिवशी निशाणापाशी तिने स्वतःचा बाण उचलला, दांडीवरचे नाव वाचले आणि म्हणाली, "हाम ओक-बुन. कोण हो या बाई? रंग काय सुरेख लावलेत!"

मी म्हणालो, "आहेत एक."

७. या उन्हाळ्यात तिने बाण चढवलेल्या धनुष्यासह मागे वळून, बाकावर बसलेल्या माणसांना "कसं दिसतं?" असे विचारले. कोणाला काही झाले नाही. पण समितीने ठरवले की, जबाबदार माणूस शेजारी उभा असल्याशिवाय तिला बाण मारायच्या रेषेवर जाऊ द्यायचे नाही. आजवर तो माणूस मी होतो. मी गेल्यावर कोणी उभे राहील का, म्हणून मी एकेकाला विचारले. कोणाची कंबर धरते, कोणाला नातवंडे शाळेत पोचवायची असतात. कोणी खोटे बोलत नव्हते. शेवटी मेंगच उरला. मी त्याच्या दारात गेलो.

दार उघडून तो म्हणाला, "कोण?"

मी म्हणालो, "पिल-ग्यू." चौकट चाचपत तो बाजूला झाला. मग म्हणाला, "ये. वहिनींचं काय?"

मी सांगण्याआधीच त्याला ठाऊक होते. सर्वांच्या आधी त्यालाच कळले होते. "आवाजावरून," तो म्हणाला. "आपण सगळे ते वाक्य तोंडदेखलं म्हणतो. वहिनी एक दिवस ते मनापासून म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू माझ्याशी बोलतोस का?"

मी त्याला विचारले, माझ्यानंतर तिच्या शेजारी उभा राहशील का. तो म्हणाला, "राहीन. रोज राहीन. पण पिल-ग्यू, माझे डोळे गेलेत. दाराशी मी तुला ओळखलं नाही, ते काय रागानं? वहिनी कुठं वळल्या ते मला दिसायचं नाही."

एवढ्या मोठ्या गावात एक माणूस हो म्हणाला, आणि त्याला दिसत नाही. मी तिथेच ओसरीवर बसून रडलो. ज्याचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले होते त्याच्यासमोर. त्याने चहा केला, अर्धा बशीबाहेर सांडला. मग तोच म्हणाला, "बाण देऊच नका. नवशिक्याला आपण रिकामं धनुष्य ओढायला लावतो की नाही? त्या तर रोज नवशिक्याच आहेत. त्यांना काय कळणार?"

समितीने ते मान्य केले. तेव्हा यापुढे तिला मंडपात न्यावे, रेषेवर उभे करावे, हलके धनुष्य द्यावे, तिचे वाक्य होऊ द्यावे आणि तिला उत्तर द्यावे. बाण देऊ नये. तिने मागितला तर "अजून थोडे दिवस" असे सांगावे. माझ्या बायकोने ज्यासाठी मीठ अंगावर घेतले, ते मी तिच्याकडून असे काढून घेतो आहे, आणि हे मी शुद्धीत लिहितो आहे. मेंगला मिठाच्या पोत्याऐवजी माझी लोकरीची टोपी द्यावी. टेकडीवर सकाळी वारा असतो.

८. जे-हुन, आता तुला. तू फोनवर म्हणालास, "बाबा, ती कोणालाच ओळखत नाही. मग ती मंडपात असली काय आणि रुग्णालयात असली काय, तिला काय फरक पडतो?" मी तेव्हा फोन ठेवला. मला राग आला म्हणून नाही, मला उत्तर सुचले नाही म्हणून. आजही सुचलेले नाही. तू तिला वृद्धांच्या रुग्णालयात ठेवशील. मी असतो तुझ्या जागी, तुझ्या नोकरीत, तर मीही तेच केले असते. तरी तुला जितके दिवस जमेल तितके दिवस तिला इथे राहू दे. मेंग सकाळी काठी घेऊन दाराशी येईल. दोघांनी मिळून टेकडी चढावी, प्यो बाई रस्ता ओलांडून देतील म्हणाल्या आहेत. आणि जिथे ठेवशील तिथे तिला रंगाचे तीन डबे आणि बारीक ब्रश ठेवू दे. बाण ती रंगवू शकते. ते कोणी मारू नयेत.

९. माझे दहन करावे. फार माणसे बोलवू नयेत. ओक-बुनला तिथे आणू नये. शोकाचे कपडे घालून अनोळखी माणसे आपल्यापुढे का वाकतात हे तिला कळणार नाही आणि ती घाबरेल.

१०. आता शेवटचे. परवा ती याच टेबलाशी बाण रंगवत होती. रेघ अजून सरळ येते. नावाची वेळ आली तेव्हा तिने विचारले, "मास्तर, माझं नाव काय घालू?" मी सांगितले, तिने लिहिले. मग म्हणाली, "आणि तुमचं?" मी म्हणालो, यांग पिल-ग्यू. तिचा चेहरा उजळला. "अगं बाई! माझ्या नवऱ्याचंही तेच नाव. तुमची ओळख करून द्यायला हवी. कुठं गेलेत कोण जाणे, इतका उशीर करत नाहीत."

हा प्रश्न ती रोज विचारते. मी गेल्यावरही विचारेल. तेव्हा तिचा नवरा मेला असे कोणीही, कोणत्याही कारणाने, तिला सांगू नये. निशाणापाशी बाण गोळा करायला गेलेत, येतीलच एवढ्यात, असे सांगावे. मीही तिच्यासमोर बसून तेच सांगतो.

वरील मजकूर माझ्याच हस्ताक्षरात आहे, तो मी पुन्हा वाचला आहे आणि खाली माझी मोहोर उमटवली आहे. आमच्या कायद्यात अशा कागदाला साक्षीदार लागत नाहीत. पण माझा मुलगा संशयी आहे, म्हणून दोन घेतले.

ठिकाण: हादोंग
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२३
यांग पिल-ग्यू (मोहोर)

साक्षीदार:
प्यो जोंग-रान, औषध दुकानदार (सही)
मेंग चुन-हो, सोंगहाक मंडपाचा माजी प्रमुख. मजकूर प्यो बाईंनी वाचून दाखवला, कलम पाचसह. त्यातले सगळे खरे आहे. (अंगठा)